हाताने चालतो, सर्व्हिस म्हणून चालत नाही: नव्या सर्व्हरवर न उठणारा एनजिनएक्स

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच कळेल. संस्थेची साइट सेंटओएस ७ या लिनक्सच्या जुन्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) होती. तुम्ही अल्मालिनक्स ९ चा नवा व्हीपीएस घेतलात. जुन्यावरची एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली), सर्टिफिकेट आणि साइटच्या फाइली आधी रूटच्या होम फोल्डरमध्ये उतरवल्या आणि तिथून आपापल्या जागी हलवल्या. आता 'सिस्टमसीटीएल स्टार्ट एनजिनएक्स' म्हटलं की 'जॉब फेल्ड, कंट्रोल प्रोसेस एक्झिटेड विथ एरर कोड' एवढीच एक ओळ येते. तुम्ही पॅकेज दोनदा काढून परत टाकलंत, फोल्डरांना ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलंत, काही उपयोग झाला नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की टर्मिनलवर नुसतं 'एनजिनएक्स' टाइप करून एंटर मारलं तर साइट व्यवस्थित दिसते, पण रीबूट केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज टाकलंत, पण अख्ख्या प्रश्नात सगळ्यात कामाचं तेच आहे. ते नसतं तर मला तुमच्याकडे दहा गोष्टी मागाव्या लागल्या असत्या. हाताने सुरू होतोय याचा अर्थ कॉन्फिगमध्ये चूक नाही, सर्टिफिकेट आणि त्याची खासगी की (किल्लीची फाइल) एकमेकांशी जुळतात, लॉगचे फोल्डर जागेवर आहेत, पोर्ट मिळतोय. थोडक्यात, एनजिनएक्स सुरू होत नाही असं नाहीच. सिस्टमडीने, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने, सुरू केलेला एनजिनएक्स उठत नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मग शोधायचं एवढंच, की तुम्ही रूट म्हणून टर्मिनलवर चालवता तेव्हा त्याला जे मिळतं आणि सिस्टमडी चालवतो तेव्हा जे मिळत नाही, ते नेमकं काय?

माझा अंदाज एसईलिनक्सवर, म्हणजे लिनक्समधल्या सुरक्षेच्या जादा पहाऱ्यावर आहे, आणि बऱ्यापैकी खात्रीने. पण मी तुमचं मशीन बघितलेलं नाही, त्यामुळे दोन-तीन गोष्टींवर हे अवलंबून आहे हेही सांगतो. काही होस्टिंगवाले आपल्या इमेजमध्ये एसईलिनक्स आधीच बंद करून देतात. 'गेटएनफोर्स' ही कमांड मारा. उत्तर 'एन्फोर्सिंग' आलं तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे, 'डिसेबल्ड' किंवा 'पर्मिसिव्ह' आलं तर खाली 'समजा तुमचा प्रकार लगेच पडणारा नसून' ने सुरू होणाऱ्या परिच्छेदाकडे जा. दुसरं म्हणजे एनजिनएक्स अल्माच्याच रिपॉझिटरीतून घेतलाय की एनजिनएक्सवाल्यांच्या स्वतःच्या, त्यावर युनिट फाइल (सर्व्हिस कशी सुरू करायची ते सिस्टमडीला सांगणारी) थोडी वेगळी असते. मी अल्माचा धरून चालतो. (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

काहीही करण्याआधी दोन सूचना. जुना व्हीपीएस अजून चालू असेल तर तो सोडू नका आणि डोमेन तात्पुरतं तिकडेच वळवून ठेवा. साइट चालू असली की डोकं शांत राहतं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला हे खरं, पण म्हणून तो आणखी चार दिवस चालल्याने आभाळ कोसळणार नाही. फक्त त्याच्यावर आता नवीन टूल टाकायला जाऊ नका. त्याची जुनी मिररलिस्ट (पॅकेज कुठून घ्यायची त्याची यादी) बंद झालीय, पॅकेज टाकणारा यम नुसताच एरर देत बसेल. दुसरी सूचना ७७७ बद्दल. तुम्ही नेमकं कुठल्या फोल्डरला दिलंत ते लिहिलेलं नाही. एनजिनएक्सच्या आणि साइटच्या फोल्डरांपुरतं असेल तर निस्तरता येईल. पण चुकून पूर्ण 'ईटीसी' (सिस्टमच्या सेटिंगचं फोल्डर) वर किंवा रूटच्या होमवर दिलं असेल, तर आत्ता उघडं असलेलं एसएसएच सेशन (सर्व्हरवरचं दुरून केलेलं लॉगिन) बंद करू नका. एसएसएच सर्व्हर स्वतःच्या होस्ट की (ओळख पटवणाऱ्या गुप्त फाइली) सगळ्यांना उघड्या दिसल्या की त्या वापरायला नकार देतो. चालू सेशन टिकतं, पण सर्व्हिस पुन्हा सुरू झाली की नव्याने आत शिरता येत नाही.

आता कामाला लागू. पहिल्यांदा घड्याळाकडे बघा. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' दिल्यावर एरर लगेच येते, की कर्सर बराच वेळ लुकलुकत राहतो आणि साधारण दीड मिनिटाने येते? हे मी प्रत्येकाला विचारतो, कारण या एका गोष्टीवरून अर्धं निदान होतं. लगेच पडला तर त्याला काहीतरी उघडता किंवा वाचता आलेलं नाही, किंवा पोर्ट मिळाला नाही. सिस्टमडीची वाट बघण्याची नेहमीची मर्यादा ९० सेकंद आहे, त्यामुळे दीड मिनिटाने पडला तर बहुतेक एनजिनएक्स उठला होता, पण सिस्टमडीला ते कळलंच नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा लगेच पडत असावा.

मग 'सिस्टमसीटीएल स्टेटस एनजिनएक्स' बघा. तिथे लाल अक्षरातलं 'फेल्ड' बघून आपण तोंड फिरवतो, पण त्याच्या खालच्या 'प्रोसेस' ने सुरू होणाऱ्या ओळी वाचायच्या असतात. अल्माच्या युनिट फाइलमध्ये तीन पायऱ्या आहेत: आधी जुनी पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा नंबर ठेवणारी) पुसणं, मग 'एनजिनएक्स -टी' म्हणजे कॉन्फिगची चाचणी, आणि मग प्रत्यक्ष सुरू करणं. कुठल्या पायरीसमोर 'स्टेटस १, फेल्युअर' लिहिलंय ते बघा. समजा चाचणीच्या पायरीवर अडलंय. आता तीच चाचणी तुम्ही स्वतः टर्मिनलवर करा, 'एनजिनएक्स -टी'. ती पास झाली? मग कमांड तीच, फाइल त्याच, युजर तोच रूट, आणि निकाल मात्र वेगळे. अशा वेळी मी दुसरीकडे कुठे बघतच नाही, थेट एसईलिनक्सकडे जातो.

नेमकी एरर हवी असेल तर 'जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -एन ५०'. त्यात 'एमर्ज' हा शब्द असलेली पहिली ओळ शोधा. शेवटची नाही, पहिली. तुमच्याकडे बहुतेक 'कॅनॉट लोड सर्टिफिकेट' असं काहीतरी असेल आणि त्याच ओळीत पुढे 'परमिशन डिनाइड'. इथेच माणसं फसतात. परमिशन म्हटलं की हात आपोआप सीएचमॉडकडे, म्हणजे परवानग्या बदलणाऱ्या कमांडकडे जातो. पण क्षणभर थांबून विचार करा: एनजिनएक्सची मास्टर प्रोसेस रूट म्हणून चालते. रूटला साध्या फाइल परमिशनची आडकाठी नसते. फाइल कुणाचीही असो, ६०० असो की ४००, तो वाचू शकतो. मग रूटला नाही म्हणणारा हा कोण? लिनक्सवर सर्व्हर सुरू होताना रूटलाच 'परमिशन डिनाइड' आलं की एसईलिनक्सचा वास आलाच समजा. आणि म्हणूनच ७७७ ने काही झालं नाही. दाराला कडी वेगळी आणि कुलूप वेगळं आहे. तुम्ही कडी काढून ठेवलीत, कुलूप तसंच आहे.

हे कुलूप कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. एसईलिनक्स प्रत्येक फाइलला एक लेबल लावतो आणि प्रत्येक प्रोसेसलाही. कुठल्या लेबलच्या प्रोसेसने कुठल्या लेबलच्या फाइलला हात लावायचा याची यादी धोरणात असते. सिस्टमडी एनजिनएक्सला सुरू करतो तेव्हा त्याच्या प्रोसेसला 'एचटीटीपीडी_टी' हे लेबल मिळतं आणि त्याच्यावर वेब सर्व्हरची सगळी बंधनं येतात. तुम्ही रूट म्हणून टर्मिनलवर सुरू करता तेव्हा तो तुमच्याच शेलचं लेबल घेऊन चालतो, 'अनकन्फाइन्ड_टी', म्हणजे मोकाट. विश्वास बसत नसेल तर हाताने सुरू करून 'पीएस -ईझेड' (झेड कॅपिटल) मारा आणि एनजिनएक्सच्या ओळी बघा, डावीकडे लेबल छापलेलं दिसेल.

आता फाइलकडे या. तुम्ही लिहिलंय की फाइली रूटच्या होममधून 'हलवल्या'. म्हणजे 'एमव्ही' वापरलं असणार. 'सीपी' ने कॉपी केली की नवी फाइल तयार होते आणि ती ज्या फोल्डरमध्ये जन्मते तिथलं लेबल घेते. 'एमव्ही' मध्ये फाइल तीच राहते, फक्त पत्ता बदलतो, आणि लेबल जुनंच सोबत येतं. एनजिनएक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन 'एलएस -एलझेड' करा (इथेही झेड कॅपिटल). पॅकेजसोबत आलेल्या फाइलींवर 'एचटीटीपीडी_कॉन्फिग_टी' दिसेल, आणि तुम्ही आणलेल्या सर्टिफिकेटवर किंवा कॉन्फिगवर 'ॲडमिन_होम_टी' दिसेल. ॲडमिन होम, म्हणजे रूटचं घर. फाइल गावात राहायला आली, पण तिचं रेशनकार्ड अजून जुन्या गावचं आहे. वेब सर्व्हरने रूटच्या घरातलं काही वाचू नये असा नियम आहे, आणि नियम म्हणून तो चांगलाच आहे.

जुन्या सर्व्हरवर हे कधी जाणवलं नाही, कारण बहुधा कुणीतरी आठ-दहा वर्षांपूर्वी वैतागून तिथे एसईलिनक्स बंद करून टाकला असणार. तो काळच तसा होता. कुठलाही लेख उघडला की पहिली पायरी 'एसईलिनक्स बंद करा' अशीच असायची, आणि मीही ते इमानेइतबारे करायचो.

दुरुस्तीआधी एक साफसफाई. तुम्ही हाताने सुरू केलेला एनजिनएक्स या क्षणी मागे चालू असण्याची दाट शक्यता आहे. तो ८० आणि ४४३ अडवून बसलाय, त्यामुळे खरं दुखणं बरं झालं तरी सिस्टमडीवाला 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पडेल आणि तुम्हाला वाटेल उपाय फसला. 'एसएस -एलटीएनपी' मारा. स्टेटसमध्ये सर्व्हिस 'फेल्ड' आहे, पण इथे ८० वर एनजिनएक्स बसलेला दिसतोय? तोच हा. 'एनजिनएक्स -एस क्विट' ने तो जायला हवा, पण तुमच्याकडे बहुधा जाणार नाही. पीआयडी फाइल सापडत नाही, किंवा तिच्यातला नंबर चुकीचा आहे, अशी तक्रार येईल. कारण मधल्या काळात तुम्ही जितक्या वेळा 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' मारलंत, तितक्या वेळा पहिल्या पायरीने ती पीआयडी फाइल पुसून टाकलीय. 'पीकिल एनजिनएक्स' करा, परत 'एसएस' ने खात्री करा, मग पुढे.

ही पुसण्याची पायरी तिथे का आहे हेही मजेशीर आहे. युनिट फाइल 'सिस्टमसीटीएल कॅट एनजिनएक्स' ने उघडून बघा. पॅकेज करणाऱ्यांनी तिथेच टीप लिहून ठेवलीय, की टर्मिनलवरून 'एनजिनएक्स -टी' चालवलं की चुकीच्या लेबलची पीआयडी फाइल मागे राहू शकते आणि मग सर्व्हिस उठत नाही. म्हणजे तुमच्यासारखा अनुभव आधी इतक्या जणांना आलाय, की त्याचा एक प्रकार पॅकेजमध्येच निस्तरून ठेवलाय.

आता दुरुस्ती. 'रिस्टोअरकॉन -आरव्ही' (आर कॅपिटल, व्ही साधा) आणि पुढे एनजिनएक्सचं कॉन्फिग फोल्डर, त्याचं लॉगचं फोल्डर, लेट्सएन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेट वापरत असाल तर त्याचं फोल्डरही, आणि साइट जिथे ठेवलीय ते. ही कमांड प्रत्येक फाइलला तिच्या जागेनुसार जे लेबल असायला हवं ते लावते, आणि कुठली फाइल कशावरून कशावर बदलली ते छापते. तो छापलेला भाग वाचा. तुमची सर्टिफिकेट त्यात 'ॲडमिन_होम_टी' वरून बदलताना दिसली की निदान बरोबर होतं.

हे चालतं ते नेहमीच्या जागांपुरतं. तुम्ही लॉग किंवा सर्टिफिकेट स्वतः केलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत असाल, समजा सगळ्यात वरच्या पातळीवर 'डेटा' नावाचं फोल्डर करून त्यात, तर धोरणाला त्या जागेबद्दल काहीच माहीत नसतं. तिथे आधी 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने सांगावं लागतं की या फोल्डरमध्ये वेब सर्व्हरचे लॉग असतात, म्हणजे 'एचटीटीपीडी_लॉग_टी', आणि मग रिस्टोअरकॉन. सेमॅनेज सापडत नसेल तर 'पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स' हे पॅकेज टाका, कमीत कमी पॅकेजच्या इन्स्टॉलमध्ये ते नसतं. पोर्टचंही तसंच. ८०, ४४३, ८४४३ असे ठराविक पोर्ट वेब सर्व्हरसाठी मोकळे आहेत. कुणी हौसेने एखादी साइट भलत्याच पोर्टवर ठेवली असेल तर 'सेमॅनेज पोर्ट' ने त्याची नोंद करावी लागते, नाहीतर पोर्ट रिकामा असूनही 'बाइंड' ला परमिशन डिनाइड येतं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, 'सेटएनफोर्स ०' मारा आणि मोकळे व्हा. मी ते एकाच कामासाठी वापरतो: खात्री करायला. 'सेटएनफोर्स ०', सर्व्हिस सुरू करून बघायची, सुरू झाली तर गुन्हेगार सापडला, आणि लगेच 'सेटएनफोर्स १'. मधे एक मिनिटसुद्धा लागत नाही. मग 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट' ने नोंदी काढायच्या. प्रत्येक नोंदीत कुणाला अडवलं, कुठल्या फाइलवर, आणि त्या फाइलचं लेबल काय, तिन्ही लिहिलेलं असतं. ऑडिट लॉग दिसायला भयंकर असतो, पण त्यातून एवढे तीनच शब्द वाचायचे. ज्या साइटवर पीएचपी आहे आणि बाहेरचे लोक फाइली अपलोड करतात, तिथे हे कुलूप कायमचं काढून ठेवायचा सल्ला मी देणार नाही. ते जुन्या फुकटच्या प्लगइनच्या भोकातून आत शिरणाऱ्यांसाठीच आहे.

आणि ७७७ परत घ्या. फोल्डर ७५५, फाइली ६४४, खासगी की ६०० आणि मालक रूट. हे विसरू नका, कारण आता साइट चालू झाली की तिकडे कुणी परत बघणार नाही.

समजा तुमचा प्रकार लगेच पडणारा नसून दीड मिनिटाने पडणारा निघाला. मग पीआयडी फाइल बघा. युनिट फाइलमध्ये पीआयडी फाइलचा एक पत्ता लिहिलेला असतो आणि एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये 'पीआयडी' या डायरेक्टिव्हपुढे एक. जुन्या सर्व्हरवर कुणी एनजिनएक्स सोर्सवरून कंपाइल करून बसवला असेल, तर तो पत्ता भलतीकडचा असतो. एनजिनएक्स आपला नंबर इकडे लिहितो, सिस्टमडी तिकडे वाट बघत बसतो, आणि वेळ संपली की चांगला चालू असलेला सर्व्हर मारून टाकतो. दोन्ही पत्ते एक करा, झालं. जिला पासफ्रेज आहे अशी खासगी की असेल तरी असंच लटकतं किंवा पडतं. टर्मिनलवर तो पासफ्रेज विचारतो आणि तुम्ही देता, सर्व्हिसला कोण देणार?

इथपर्यंतचं तुमच्यासाठी. पण असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या अनेकांचा एनजिनएक्स हातानेही उठत नाही, तेव्हा त्यांच्यासाठीही लिहितो. तुम्हीही वाचून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येईल.

सर्व्हर हलवताना आपण कॉन्फिग आणतो, पण ती कॉन्फिग ज्याच्या ज्याच्या आधाराने उभी असते ते आणायला विसरतो. माझं स्वतःचं सांगतो. एका ग्राहकाच्या बावीस साइट एका रात्रीत हलवायच्या होत्या. लॉगच तीसेक जीबी होते, म्हणून मी फाइली नेणाऱ्या आरसिंकमध्ये 'लॉग्ज' नावाची फोल्डर वगळली. शहाणपणा वाटला तेव्हा. प्रत्येक साइटचं स्वतंत्र लॉग फोल्डर होतं, आणि एनजिनएक्स नसलेली लॉग फाइल तयार करतो, पण नसलेलं फोल्डर तयार करत नाही. पहिली एरर आली: फाइल उघडता येत नाही, कंसात २, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फोल्डर केलं, परत स्टार्ट, परत तीच एरर. मला वाटलं फोल्डर चुकीच्या जागी केलं. पुसलं, परत केलं. चौथ्यांदा नीट बघितलं तेव्हा दिसलं की एरर तशीच असली तरी साइटचं नाव दरवेळी वेगळं होतं. एनजिनएक्स पहिल्या अडथळ्याशी थांबतो आणि तेवढंच सांगतो, त्याच्या मागे किती जण रांगेत आहेत हे सांगत नाही. रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी बावीसपैकी तिसऱ्या साइटवर होतो.

तेव्हापासून मी जुना सर्व्हर हातात असतानाच त्याच्यावर 'एनजिनएक्स -टी' चालवतो, पण टी कॅपिटल. त्याने सगळ्या जोडलेल्या फाइलींसकट पूर्ण कॉन्फिग एका दमात छापली जाते. ती एका फाइलमध्ये घेतो, तिच्यातले तिरप्या रेघेने सुरू होणारे सगळे पत्ते ग्रेपने काढतो, आणि नव्या मशीनवर एकेक पत्ता आहे का ते साध्या लूपने तपासतो. पाच मिनिटांचं काम. जे सापडत नाही त्याची यादी तिथेच मिळते.

एररमध्ये कंसात जो आकडा येतो तो लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो लिनक्सचा आकडा आहे, एनजिनएक्सचा नाही, आणि अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्येही तोच दिसतो. २ म्हणजे फाइल किंवा फोल्डर नाही. १३ म्हणजे परवानगी नाही, त्यावर वर पुराण झालंय. ९७, ९८ आणि ९९ ही शेजारी राहणारी तीन भावंडं पोर्टशी संबंधित. ९८ म्हणजे त्या पोर्टवर दुसरं कुणी बसलंय. उबुंटूवर याचं एक ठरलेलं कारण आहे: नुसतं 'पीएचपी' पॅकेज टाकलं की सोबत अपाची येतो, आणि डेबियनच्या घराण्यात पॅकेज बसताच सर्व्हिस आपोआप सुरूही होते. तुम्ही एनजिनएक्स लावत असता आणि ८० वर अपाची आधीच पाय पसरून बसलेला असतो. अल्मात तो सोबत आला तरी आपणहून सुरू होत नाही. ९९ हा खास स्थलांतराचा आजार आहे. कॉन्फिगमध्ये 'लिसन' च्या पुढे जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता लिहिलेला असतो, आणि तो पत्ता या मशीनचा नाहीच. आणि ९७ आला तर नव्या मशीनवर आयपीव्ही६ बंद आहे आणि कॉन्फिगमध्ये चौकटी कंसातल्या दोन कोलनची 'लिसन' ओळ आहे. ती काढा.

'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' ही आणखी एक. एनजिनएक्स अपस्ट्रीममधली, म्हणजे ज्या मागच्या सर्व्हरांकडे तो विनंत्या पाठवतो त्यांची, नावं सुरू होतानाच शोधतो, आणि एकही सापडलं नाही तर उठत नाही. जुन्या सर्व्हरच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये कुणीतरी कधीकाळी दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि ती फाइल कुणाच्याच बॅकअपमध्ये नसते.

लेट्सएन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटचं एक बघा. 'लाइव्ह' फोल्डरमध्ये दिसतात त्या खऱ्या फाइली नसतात, 'आर्काइव्ह' मधल्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. नुसतं 'लाइव्ह' उचलून आणलं की लिंक हवेत बोट दाखवत राहतात. झिप करून आणलं तर याच्या उलट होतं: झिप लिंकच्या जागी खरी फाइल ठेवतो, सर्व्हर मस्त सुरू होतो, आणि पुढच्या नूतनीकरणाला ते काम करणारा सर्टबॉट रुसतो की इथे लिंक असायला हवी होती. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, त्यामुळे हा बॉम्ब आपण सगळं विसरल्यावर फुटतो. पूर्ण लेट्सएन्क्रिप्ट फोल्डर 'आरसिंक -ए' ने आणा आणि 'सर्टबॉट रिन्यू' ला ड्राय-रन लावून त्याच दिवशी तपासा.

अपाची वापरणाऱ्यांसाठी एकच सांगतो, कारण सेंटओएस ७ वरून येणारे हमखास इथे आपटतात. रेड हॅट ९ च्या घराण्यातून (अल्मा ९ त्यातलाच) मॉड-पीएचपी, म्हणजे अपाचीच्या आतच पीएचपी चालवणारं मॉड्यूल, काढून टाकलंय, पीएचपी आता एफपीएम या वेगळ्या सर्व्हिसमधून चालतं. त्यामुळे जुन्या कॉन्फिगमधली पीएचपीचं मॉड्यूल लोड करणारी ओळ आणि व्हर्च्युअल होस्टमधल्या 'पीएचपी_व्हॅल्यू' च्या ओळी दोन्ही सर्व्हरला उठू देत नाहीत. पहिली काढून टाका, दुसऱ्या एफपीएमच्या पूल फाइलमध्ये न्या. दोन्ही मशीनवर 'एचटीटीपीडी -एम' (एम कॅपिटल) चालवून मॉड्यूलची यादी समोरासमोर ठेवली तर बाकीचं आपोआप दिसतं.

पुन्हा तुमच्याकडे येतो. सुरू झाल्यावर लगेच निवांत होऊ नका. सर्व्हर उठला तरी साइटच्या फाइलींवर चुकीचं लेबल राहिलं असेल तर पान ४०३ (प्रवेश नाही) देईल, पुन्हा रिस्टोअरकॉन. मागे नोडचं किंवा दुसरं ॲप असेल आणि ५०२ (मागच्या ॲपकडून उत्तर नाही) येत असेल, एरर लॉगमध्ये १३ दिसत असेल, तर 'सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १' (पी कॅपिटल). अपलोडचं फोल्डर असेल तर त्याला लिहिता येण्याचं वेगळं लेबल लागतं, 'एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कन्टेन्ट_टी', नाहीतर साइट दिसेल पण फोटो चढणार नाहीत. आणि 'सिस्टमसीटीएल एनेबल एनजिनएक्स' केलंय ना? ते नसेल तर सगळं बरोबर असूनही रीबूटनंतर साइट बंदच राहणार, आणि तुम्हाला वाटेल जुनं दुखणं उलटलं. जुना सर्व्हर हाताशी आहे तोवर एकदा मुद्दाम रीबूट करून बघा.

तरीही अडलात तर तीन गोष्टी पाठवा: स्टेटसमधल्या 'प्रोसेस' च्या ओळी, जर्नलमधली पहिली 'एमर्ज' ओळ, आणि सर्टिफिकेटच्या फोल्डरचं 'एलएस -एलझेड'. एवढ्यावर काम भागतं. कॉन्फिग पाठवायची वेळ आली तर डोमेन आणि आयपी झाका. मध्यंतरी एकाने घाईघाईत सर्टिफिकेटसोबत खासगी कीसुद्धा जशीच्या तशी चिकटवली होती. त्याला आधी ते सर्टिफिकेट रद्द करून नवं घ्यायला लावलं, सर्व्हरचं निदान नंतर केलं.